तीन खांबांची अट

डिमरकाकांचं म्हणणं एकच होतं, आणि गेले दोन महिने ते दिवसातून निदान चारदा ऐकवत होते. "दिवा होता. चालू होता. आंधळा तो!"

तो म्हणजे लाँड्रीच्या व्हॅनचा ड्रायव्हर. दोन महिन्यांपूर्वी, दिवस नुकताच मावळला होता अशा वेळी, नदीकाठच्या रस्त्यावर त्याच्या व्हॅनने काकांच्या सायकलीला मागून धक्का दिला. काका कडेच्या चारीत गेले, खांद्याचं हाड मोडलं, चष्म्याचा चुरा झाला. ड्रायव्हर पांढराफटक पडून "दिवा नव्हता हो, खरंच काही दिसलं नाही" एवढंच म्हणत राहिला. पण लोक सायकल उचलायला वाकले, तर मागच्या चाकापाशी दिवा तांबडा जळत होता. चार जणांनी पाहिला. मग काय, हातच्या कांकणाला आरसा कशाला? ड्रायव्हर खोटा पडला. लाँड्रीच्या मालकाने त्याची संध्याकाळची फेरी काढून घेतली आणि त्या वेळात त्याला इस्पितळाच्या चादरींच्या घड्या घालायला बसवलं.

काकांना त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. खोटं बोलणाऱ्याची त्यांना मनापासून चीड होती, आणि दिव्याच्या बाबतीत तर कोणी त्यांना शिकवावं हे त्यांनी उभ्या जन्मात खपवून घेतलं नव्हतं. एकेचाळीस वर्षं त्यांनी नाट्यगृहातले दिवे सांभाळले होते. रंगमंचाच्या बाजूला, विंगेतल्या काळोख्या कोपऱ्यात, उजेड हळूहळू चढवायच्या-उतरवायच्या डिमर नावाच्या यंत्राच्या दांड्या धरून ते बसत. पुढे तेच नाव त्यांना चिकटलं आणि खरं नाव मतदार यादीपुरतं उरलं. त्यांच्या हातून किती राजे सिंहासनावर बसले आणि किती नायिका चांदण्यात रडल्या याची गणती नाही. खेळ संपल्यावर नटमंडळी हात जोडून उभी राहत, काकांनाही बाहेर ओढायला बघत. काका सरळ मेन स्विच खाली करत. अंधारात कोण कोणाला ओढणार?

आता त्यांना एकच काम उरलं होतं, आणि ते दिवे लावण्यापेक्षा नाजूक होतं. नदीच्या पुलापलीकडे त्यांची थोरली बहीण राहायची, अक्का. वय ब्याऐंशी. तिच्या डोळ्यांत रोज संध्याकाळी सात वाजता औषधाचे थेंब घालावे लागत. चुकले तर आहे तेवढी नजरही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अक्काचे हात थरथरत. शेजारणीने एकदा घातले, तर निम्मे गालावर गेले आणि निम्मे उशीवर. काकांचा हात मात्र एकेचाळीस वर्षं दांडीवर स्थिर राहिलेला. एक थेंब इकडे, एक तिकडे, आणि अक्का म्हणायची, "झालं? कळलंसुद्धा नाही मेलं."

तिकडे जायला बस नव्हती. चालायचं म्हटलं तर काकांचे गुडघे विजेच्या दुसऱ्या खांबापाशी संप पुकारत. सायकलीवर बसलं की तेच गुडघे तरण्याताठ्यासारखे फिरू लागत, हे डॉक्टरांनाही कोडं होतं. म्हणजे सायकल ही काकांची गंमत नव्हती, पाय होते. आणि दोन महिने ते पाय मुलीने साखळी घालून जिन्याखाली ठेवले होते.

काकांची मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभरात साठ-सत्तर जणांच्या दंडाला सुई लावून ती घरी यायची, काकांना गाडीत घालून अक्काकडे न्यायची, परत आणायची, आणि जेवता जेवता तिचा डोळा लागायचा. दोन महिने तिने तक्रार केली नाही. पण एका संध्याकाळी हातातला घास तसाच धरून ती म्हणाली, "आबा, दादाचा फोन आला होता. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला येतोय. आत्याला घेऊन जातो म्हणाला."

दादा म्हणजे अक्काचा मुलगा. तो लांबच्या शहरात नवव्या मजल्यावर राहायचा.

"अक्का जायची नाही," काका म्हणाले.

"जायचं नाहीये तिला, माहितेय मला. रडली फोनवर. म्हणाली, इथे मी पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखते, तिकडे नवव्या मजल्यावर कोणाची पावलं ऐकू? पण मग थेंब कोण घालणार आबा? मी अशी किती दिवस पळणार?"

"मी जाईन. सायकलवर."

"सायकलीचं नाव काढू नका."

"का काढू नको? माझी चूक होती का? दिवा होता माझ्या सायकलीला! तूच तर आणून दिला होतास."

"होता ना?" मुलीने घास ताटात ठेवला. "मग दाखवा."

"काय दाखवू?"

"दिसतो ते. मी लॅबमध्ये रोज लोकांना सांगते, वाटतंय-बिटतंय चालत नाही, रिपोर्ट लागतो. तुमचाही रिपोर्ट काढू. तोच रस्ता, तीच वेळ, तीच व्हॅन. आणि तोच ड्रायव्हर."

"त्या आंधळ्याला घरी बोलावणार तू?"

"घरी नाही, रस्त्यावर. मी विचारलंय त्याला. रविवारी व्हॅन रिकामी असते, मालक देतो म्हणालेत. आणि तो लगेच हो म्हणाला, आबा. म्हणाला, मी आंधळा आहे का ते मलाही एकदा कळू दे."

म्हणजे सगळं आधीच ठरलेलं होतं. मुलगी आईवर गेली होती. तिच्याशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

अट ड्रायव्हरनेच सांगितली होती. भरलेली व्हॅन ब्रेक दाबल्यावर थांबेपर्यंत विजेचा एक खांब मागे पडतो. माणूस आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत आणखी काही अंतर जातं. आणि बाजूने सावकाश काढायचं तर त्याहून जास्त लागतं. तेव्हा निदान तीन खांब आधी दिसलं पाहिजे. तीन खांबांवरून काका दिसले तर साखळी कायमची निघेल. नाही दिसले तर अक्का नवव्या मजल्यावर.

"तीन काय, तीस खांबांवरून दिसेन!" काका म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पेटी आणि तेवढ्यापुरती सोडवून घेतलेली सायकल काढून व्हरांड्यात बसले.

पाच दिवस त्यांनी खाणंपिणं व्हरांड्यातच केलं. मुलीने आणलेला नवा दिवा, बोटभर लांबीचा तांबडा, त्यांनी हातात घेतला आणि नाक मुरडलं. बटण दाबलं की तो उघडमीट करू लागे. "सर्कस," काका म्हणाले. त्यांनी त्याला मुकाट्याने एकसारखा जळायला लावलं. मग रंगाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्याला छानशी टोपी केली, जुन्या दिव्याला केली होती तशीच. आता दिवा स्वतः दिसत नव्हता. त्याचा मऊ तांबडा उजेड तेवढा पांढऱ्या मडगार्डवर पसरत होता. नाट्यगृहात पहिल्याच दिवशी उस्तादांनी कानफटात देऊन शिकवलेला नियम होता तो. उजेड दिसावा, दिवा दिसू नये. प्रेक्षकाला दिवा दिसला की नाटक मेलं.

पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. सीटखाली त्यांनी दुसरा एक दिवा बसवला, त्याच्यावर जपून ठेवलेल्या जिलेटिनच्या कागदाचा पिवळसर तुकडा लावला आणि उजेड खालून वर, बसणाऱ्याच्या पाठीवर सोडला. खुर्चीला पांढरा सदरा चढवून, खुर्ची सायकलीवर बांधून त्यांनी संध्याकाळी व्हरांड्याचा दिवा मालवला. आणि दहा पावलांवरून पाहिलं. सदरा असा काही उजळला होता की जणू आत्ता बोलू लागेल. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. निवृत्तीनंतर एवढं चांगलं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी नदीवर धुकं उतरत होतं. पंप-हाउसपाशी व्हॅन उभी होती. ड्रायव्हर चाळिशीचा, अंगाने किरकोळ, हाताच्या बोटांना चादरींच्या स्टार्चने भेगा पडलेल्या. त्याने "नमस्कार काका" म्हटलं. काकांनी मान हलवली न हलवल्यासारखी केली.

ठरलं ते असं. काका पुढे निघतील. व्हॅन आधी दहाएक खांब मागे जाऊन मग तिथून येईल, मुलगी ड्रायव्हरशेजारी बसेल. काका दिसले की ड्रायव्हर एकदा हॉर्न वाजवेल आणि मुलगी मधले खांब मोजेल.

काका निघाले. दोन महिन्यांनी पेडल पायाखाली आलं होतं आणि गुडघे आनंदाने फिरत होते. खांदा जरा दुखला, पण तेवढं चालायचंच. एक खांब मागे पडला, दुसरा पडला. मागून व्हॅनचा आवाज येऊ लागला. आता वाजेल हॉर्न, त्यांनी मनाशी म्हटलं. समोरून एक ट्रक आला, त्याच्या झोतात त्यांचे डोळे दिपले. व्हॅनचा आवाज वाढला. अजून हॉर्न नाही. मुद्दाम वाजवत नाही मेला, काकांना वाटलं. आवाज आणखी जवळ आला, पाठीला इंजिनाची घरघर लागली, आणि मग अगदी कानाशी हॉर्न असा किंचाळला की काकांची सायकल हेलपाटत चारीच्या कडेला गेली.

मुलगी खाली उतरली. तिचा चेहरा बघून काका काय ते समजले, पण समजून घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

"एक खांब," ती म्हणाली. "तोही धड नाही. आणि आम्ही तुम्हालाच शोधत होतो, आबा."

"शक्यच नाही! मी स्वतः बघितलंय. लख्ख दिसतो सदरा."

"कुठून बघितलंत?"

"व्हरांड्यातून."

ड्रायव्हरने व्हॅनचं दार उघडलं आणि म्हणाला, "काका, तुम्हीच बसा ना इथे. ताई सायकल चालवतील."

काका तणतणत वर चढले. मुलीने त्यांचा पांढरा सदरा स्वतःच्या कपड्यांवर चढवला आणि सायकल घेऊन धुक्यात गेली. थोड्या वेळाने व्हॅन निघाली.

काचेतून काकांनी जे पाहिलं ते त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. विंगेत बसणाऱ्याला समोरचं सगळं नीट मांडलेलं दिसतं. इथे काहीच मांडलेलं नव्हतं. काचेवर वायपरचे फराटे होते, समोरून येणाऱ्या गाड्यांचे झोत फुटून पसरत होते, पुलाजवळच्या दुकानांचे बल्ब धुक्यात लोंबत होते, आणि मधे नुसता करडा काळोख. पांढरा सदरा, तांबडं मडगार्ड, काही म्हणजे काही नव्हतं.

"कुठंय?" काका म्हणाले.

"आहेत. पुढेच आहेत."

लांबवर एक तांबडा ठिपका उघडमीट करत होता. "ती बघ! दिसली की!" काका ओरडले.

"त्या नाहीत, काका. तो कोणीतरी दुसरा आहे, पार पाचव्या खांबापलीकडे." तो कोणी कामावरून घरी चाललेला माणूस असावा. त्याने तसलाच सर्कशीतला दिवा सुतळीने कॅरियरला बांधला होता आणि त्याचं त्यालाही भान नव्हतं. पण दिव्यांच्या एवढ्या गर्दीत काकांची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती.

समोरून झोत आला. सगळं पांढरं झालं. झोत सरला, आणि अगदी पुढ्यात, व्हॅनच्या नाकाशी, त्यांची मुलगी होती. पाठ, सदरा, वाऱ्याने उडणारी वेणी.

"ब्रेक!" काका किंचाळले आणि त्यांनी दोन्ही पाय खालच्या पत्र्यावर आपटले, जणू ब्रेक तिथेच होता. "अरे माझी पोर! ब्रेक दाब!"

ड्रायव्हरने आधीच दाबला होता; तो सावकाशच चालवत होता. व्हॅन थांबली. ड्रायव्हरला "बघितलंत?" म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही. तो स्टिअरिंगवर बघत एवढंच म्हणाला, "त्या दिवशीही समोरून ट्रक आला होता, काका."

काकांच्या तोंडात दोन महिने घोळलेला शब्द होता, आंधळा. तो आता गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

मुलगी धापा टाकत काचेशी आली. बापाचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "रिपोर्ट आला, आबा," ती हळूच म्हणाली. "मी दादाला कळवू?"

काका खाली उतरले. सायकलीचं हँडल तिच्या हातातून घेतलं. "तुमच्या लॅबमध्ये एकदा रक्त नीट आलं नाही तर पेशंटला मारून टाकता का?"

"आबा..."

"पुन्हा घेता ना? मग माझंही पुन्हा घ्यायचं. पुढच्या रविवारी. एक तारीख मंगळवारी आहे."

घरी आल्यावर त्यांनी पक्कड घेतली, सीटखालचा दिवा काढून टाकला आणि मागच्या दिव्याची पत्र्याची टोपी उपटून काढली. ती हातात घेऊन ते बराच वेळ जिन्याखाली बसले. जुन्या दिव्यालाही अशीच होती. त्या संध्याकाळी दिवा होता, चालू होता, लख्ख जळत होता, आणि त्याचा सगळा उजेड काकांनी मोठ्या हौसेने मडगार्डला पाजला होता. वाकून बघणाऱ्याला तो दिसला. व्हॅनमध्ये उंचावर बसलेल्याने वाकून बघायचं होतं की काय? एकेचाळीस वर्षं दिवे लावले, आणि दिव्याखालचा अंधार शेवटी स्वतःच्याच सायकलीवर सापडला. उस्तादांचं चुकलं नव्हतं, पण उस्तादांचे प्रेक्षक खुर्चीत बसलेले असत, रंगमंचाकडे तोंड करून. रस्त्यावर कोणी काकांचं नाटक बघायला आलेलं नव्हतं. जो तो घर गाठायच्या घाईत. त्याच्या डोळ्यासमोर जाऊन "मी आहे" म्हणून ओरडावंच लागणार होतं.

काकांना लाज वाटली. खरंच लाज वाटली. पण लाजेचं काय करायचं ते नंतर बघू, आधी दिवा, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

या वेळी व्हरांडा नाही. संध्याकाळी सायकल फाटकाबाहेर उभी करायची आणि काठी टेकत गल्लीतून लांब जायचं, मागे वळून बघायचं. पहिल्या दिवशी गुडघ्यांनी दुसऱ्या खांबाशी नेहमीप्रमाणे संप केला. काका मोरीच्या कठड्यावर बसले, गुडघ्यांना चार शिव्या दिल्या आणि तिसऱ्या खांबापर्यंत गेले. तिथून उघडमीट करणारा तांबडा ठिपका दिसत होता. शिट्टी वाजवल्यासारखा दिसत होता. पण तो नुसता ठिपका होता. माणूस आहे, सायकल आहे, चालली आहे, हे त्यावरून कळत नव्हतं. दिवा बंद पडला तर काय, हाही प्रश्न होताच.

आणि इथे काकांची एकेचाळीस वर्षं कामी आली. एका नाटकात मागे नुसत्या उभ्या राहणाऱ्या दासीच्या हातात चमचमतं कडं होतं. ती हात हलवायची आणि सगळा प्रेक्षक नायिकेला सोडून त्या कड्याकडे बघायचा. काकांनी वैतागून त्या कड्यावर काळी पट्टी गुंडाळायला लावली होती. अंधारात जे हलतं आणि चमकतं, तिकडे डोळा आधी जातो. सायकलवाल्याचं सगळ्यात जास्त काय हलतं? पाय.

आता हवी होती चमकणारी पट्टी. तिचा विचार करत ते बुधवारी फाटकाशी उभे होते, तर समोर ड्रायव्हर. हातात कागदाची पिशवी.

"रस्त्यावर काम करणाऱ्यांची जाकिटं आमच्याकडे धुवायला येतात," तो म्हणाला. "हे एक फाटलंय, मालक फेकणार होते. याच्या पट्ट्यांवर गाडीचा उजेड पडला की चमकतात. म्हटलं, तुम्हाला उपयोगी पडेल."

काकांनी पिशवी घेतली. "ये. बस," ते म्हणाले, आणि हे दोन शब्द म्हणायला त्यांना बरीच ताकद लागली.

दोघे व्हरांड्यात बसले. काका पट्ट्या उसवत होते, ड्रायव्हर घड्या घालून सरावलेल्या बोटांनी त्या सरळ करत होता. काही पेडलच्या कडांना चिकटवल्या, दोन काकांच्या विजारीच्या घोट्यांना शिवल्या.

"चादरींचं काम कसं आहे?" काकांनी सुई ओवता ओवता विचारलं.

"बायको खूश आहे. सवयीने घरातल्याही घड्या घालतो." तो हसला, मग हसू आवरलं. "फेरीवर नवा माणूस आहे. हाकतो जोरात. तुम्ही त्याच वेळी त्या रस्त्यावर असणार, म्हणून जाकीट आणलं."

काकांनी मान खाली घातली आणि टाका घातला. बोलायचं होतं ते ओठावर आलं होतं. पण इथे, व्हरांड्यात, दोघांतच बोलून भागणार नव्हतं. आंधळा म्हणताना ते कधी दोघांत म्हणाले नव्हते, चार माणसांत म्हणाले होते.

रविवारी धुकं गेल्या वेळेपेक्षा दाट होतं. "पुढे ढकलू या का?" मुलीने विचारलं.

"धुक्यात नाही दिसलो तर उन्हात दिसून काय उपयोग?" काका म्हणाले आणि पेडल मारलं.

एक खांबही मागे पडला नव्हता तोच लांब कुठेतरी हॉर्न वाजला. काकांना वाटलं, दुसरीच कोणाची गाडी असेल. ते चालवत राहिले. बऱ्याच वेळाने व्हॅन शेजारून आली, हातभर जागा सोडून, आणि पुढे जाऊन थांबली. मुलगी धावत आली.

"सहा!" ती म्हणाली. "दिवा सहा खांबांवरून. आणि चौथ्यापासून तर पाय दिसत होते, आबा, वर-खाली, वर-खाली. सायकल आहे हे आंधळ्यालाही..." ती जीभ चावून थांबली.

"तू मोजण्यात चुकली नाहीस ना?"

"दोनदा मोजले." तिने नाक पुसलं. दोन महिन्यांचा थकवा तिच्या डोळ्यांतून खाली येत होता. "दादाला सांगते, नको येऊस म्हणून."

काका व्हॅनच्या खिडकीशी गेले. "लाँड्री संध्याकाळी कितीपर्यंत असते रे?"

"साडेसहापर्यंत. का?"

"काही नाही. उद्या कामावर आहेस ना?"

सोमवारी सहा वाजता काका लाँड्रीत शिरले. लांबलचक खोली, वाफेने कोंदलेली, वर ओळीने पांढऱ्या नळ्या. कुठे सावली म्हणून नाही. काकांना असल्या उजेडाचा जन्मभर तिटकारा होता. या उजेडात माणसाला लपायला जागा नसते. पंधरा-वीस माणसं दोघादोघांच्या जोडीने चादरी धरून एकमेकांकडे चालत येत होती, घडी घालत होती, मागे जात होती. शेवटच्या जोडीत ड्रायव्हर होता.

काका दाराशीच उभे राहिले असते तर चाललं असतं. मालकाला बाजूला घेऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ते काठी टेकत खोलीच्या बरोबर मध्यावर गेले. मालक टेबलामागून उठला. चादरी थांबल्या. सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे झाली, आणि विंगेत एकेचाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन सरकू लागली. त्यांनी सवयीने मेन स्विच कुठे आहे तेही पाहिलं. तो दाराजवळ होता, लांब.

"लाँड्रीच्या व्हॅनने ज्याला उडवलं तो म्हातारा मी," काका म्हणाले. "मी सगळीकडे सांगितलं, दिवा होता. तो होता. पण मी त्याला टोपी घालून झाकला होता. मी त्या सीटवर बसून बघितलंय. कोणालाच दिसला नसता. हा म्हणत होता ते खरं होतं, आणि मी याला आंधळा म्हणालो." त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. "चूक माझी होती. याची नव्हती."

ड्रायव्हरच्या हातातलं चादरीचं टोक खाली घसरलं आणि ते उचलायचं त्याला सुचेना. मग मालक टेबलापाशी गेला, खणातून व्हॅनची किल्ली काढली आणि तिकडे नेऊन त्याच्या हातात दिली. त्याच्या जोडीदारणीने उरलेली चादर एकटीनेच ओढून घेतली आणि म्हणाली, "जा आता. तशाही तुझ्या घड्या वाकड्याच यायच्या."

काका थांबले नाहीत. सात वाजायला पाऊण तास होता आणि अक्का पावलांची वाट बघत असणार. त्यांनी दारातच सायकलीचे दोन्ही दिवे लावले, पुढचा पांढरा आणि मागचा तांबडा, उघडमीट करणारा, विजार सारखी केली, घोट्याच्या पट्ट्या बाहेर आहेत ना ते पाहिलं आणि निघाले.

नदीकाठच्या रस्त्यावर, पुलाच्या बऱ्याच अलीकडे, मागे लांबून एक गाडी हळू झाल्याचं त्यांना ऐकू आलं. हातभर नव्हे, चांगली दोन हात जागा सोडून लाँड्रीची व्हॅन शेजारी आली. खिडकीची काच खाली होती.

"दिसताय हो, काका!" ड्रायव्हर ओरडला.

"दिसणारच!" काका ओरडले आणि पेडलवर जोर दिला.